सोमवारचा कोबी

—आणि डोळे मिटलेस म्हणून मी उठून जाईन, असं वाटत असेल तर विसर हां, मागी. तुझी सगळी सोंगं मला ठाऊक आहेत. पेज दिली, तोंड फिरवलंस. शहाळ्याचं पाणी दिलं, उशीवर सोडलंस. पोदेराकडची ताजी पोय, कोंड्याचा पाव तो, चहात बुडवून मऊ केली, ती हनुवटीवरून खाली. चार दिवस! चार दिवसांत पोटात गेलं काय, तर त्या दाक्तरणीने सुईतून सोडलं ते मिठाचं पाणी. ते काय जेवण झालं? आता बघ, मी स्टूल तुझ्या खाटीला लावून बसले आहे, परात मांडीवर, कोबी परातीत, आणि हा सुरा. विळीवर मला पटापट चिरता येतो, पण तुला लागतो तो सुऱ्याने—केसासारखा—'थिन, कामी, थिन!' कमलाक्षी हे नाव बावीस वर्षांत काही तुझ्या जिभेवर बसलं नाही, कामी तर कामी. माझ्या तरी जिभेवर तुझं कुठे बसलं? मार्गारेट की काय ते—मागी. फिटंफाट.

किती वाजले? साडेअकरा. तुझं चेडू—तुझी लेक गो—नऊला दाबोळीला विमानातून उतरली म्हणे. माझा पोरगा कृष्णनाथ पहाटेच टॅक्सी घेऊन गेला तिला आणायला. तिथून मांद्र्याला यायचं म्हणजे दोन तास, त्यात म्हापशाची गर्दी—अर्धा तास आहे आपल्या हातात, फार तर पाऊण. तेवढ्यात हे तुझ्या पोटात गेलं पाहिजे. कळतंय? तुला कळतं कुठे, पण सांगते. फोनवर ती काय म्हणाली ते कृष्णनाथाने मला फोड करून सांगितलं—आई आपल्या तोंडाने जेवत असेल तर राहू दे तिथेच, मी नर्स ठेवते. आणि जेवत नसेल तर आजच्या आज मोठ्या इस्पितळात, नाकातून नळी, आणि अंगात जरा धुगधुगी आली की विमानात आडवी घालून तिकडे. वाईट नाही गो ती. रडत होती म्हणे फोनवर. तिने तरी काय करावं इतक्या लांबून? पण आपलं सगळं आता एका वाटीवर आलं आहे. येऊन विचारील, आई जेवली? आपण वाटी दाखवायची. बस्स.

हां, बघ, हा झाला अर्धा गड्डा. आता मीठ लावून जरा दाबून ठेवते, म्हणजे नरम पडेल, तुला चावायला नको. दाक्तरीण ओरडेल—मऊ द्या म्हणाली होती, हिने काय कच्चा कोबी दिला! पण मऊ मऊ देऊन झालं ना सगळं? शेवटी मी म्हटलं, हिला जे आवडतं ते देऊ. नाहीतर कच्चा कोबी आमच्याकडे गुरं खातात. आठवतं तुला, पहिल्या वर्षी? तू मला कागदावर चित्र काढून दिलं होतंस—गड्डा, गाजर, अंडं, तेलाची बाटली—आणि मी म्हटलं, एवढंच ना? गेले रांधणीत, कोबी वाफवला, हळद घातली, मोहरीची खमंग फोडणी, वर मूठभर खोबरं, आणि अंडं उकडून बाजूला ठेवलं. तू बशी हातात घेतलीस, बघितलंस, आणि सगळी भाजी खाल्लीस. पुन्हा वाढून घेतलीस! मला वाटलं, जमलं. आठवड्याने तूच रांधणीत आलीस, कंबरेला टॉवेल बांधून, आणि करून दाखवलंस. आणि मी तोंडाला पदर लावून उभी! कच्चं अंडं गो, कच्चं! त्यात थेंब थेंब तेल, आणि घुसळायचं म्हणजे एकाच दिशेने, दिशा चुकली की फाटलं. वर विनागर, मोहरीची पूड. तुझं ते बाटलीतलं पांढरं विनागर संपल्यावर मीच माडाचं विनागर घालून बघितलं—तेव्हा तू माझा मुका घेतला होतास, भर दुपारी, पोस्टमन दारात उभा असताना. मेली लाज तर नाहीच तुला.

पण मी काही ते खाल्लं नाही. बावीस वर्षांत एक घास नाही. तू चमचा पुढे करायचीस, 'टेस्ट, कामी,' आणि मी तोंडावर हात. मासळी खाते, सुंगटं खाते, उकडलेलं अंडंही खाते, पण कच्चं अंडं नको. आणि सोमवारी तर अंड्याचं नावही नको, सोमवारी आमचं शिवराक. हे मात्र तू पाळलंस हां, ते मी कुठेही सांगेन. मांद्र्यात एवढ्या गोऱ्या बायका राहतात, सोमवार कुठला नि शनिवार कुठला, कोणाला पडलं आहे? पण तू सोमवारी आपण होऊन म्हणायचीस, 'नो एग, कामी, मंडे.' आणि आज—आज कोणता वार आहे सांगू? सोमवारच. सोमवारी माझ्या हाताने अंडं फोडलं मी. घरात नाही फोडलं, बाहेर पायरीवर बसून घुसळलं, तुझ्याच त्या निळ्या वाडग्यात. शेजारची गंगा माडाखालून बघत होती—काय करतेस गे कमलाक्षी? म्हटलं, डोक्याला लावायला, केस गळतात. आता गावभर होईल, कमलाक्षीला म्हातारपणी केसांची हौस आली. होऊ दे. संध्याकाळी आंघोळ करीन, देवीकडे नारळ ठेवीन. देवी काय, समजून घेते. माणसं घेत नाहीत.

थांब, पाणी पिळून टाकते. आता हे बघ, गाजर घातलं, हे वाडग्यातलं वरून ओतलं, ढवळलं, आणि वाटीत काढलं. फाटलं नाही गो! आपोआप जमलं, तू शेजारी उभी नसताना. वास घे. घे, नाकाशी धरते. डोळे उघडलेस ना? माहीत होतं मला. आता आ कर. एवढासाच, चमच्याच्या टोकावर. आ. आ गो, आ—

नाही? का नाही? मीठ कमी आहे? तुला काय ठाऊक, तोंडात घेतलं तर कळेल ना! मागी, ऐक. तूच म्हणाली होतीस ना, तीन वर्षांपूर्वी, दारापुढच्या त्या बल्कांवात बसून—'कामी, नो एअरपोर्ट. आय फिनिश हिअर.' माझा हात धरून तीनदा वदवून घेतलंस माझ्याकडून. मी म्हटलं, प्रॉमिस, प्रॉमिस, आता चहा पी. मला काय माहीत ते इतक्यात अंगावर येईल? गुरुवारी सकाळी तुझ्या हातातून कप पडला, मी ओरडले, नवा कप फोडलास म्हणून—आणि बघते तर तुझं तोंड एका बाजूला. उजवा हात नुसता लोंबतो आहे. मी कप कशाला बघत बसले होते गो? पहिल्यांदा कपाकडे बघितलं मी, हे काही माझ्या मनातून जात नाही.

मग कृष्णनाथ बिथरला. त्याचं म्हणणं, आई, परदेशी बाई आपल्या घरात वारली तर पोलीस येतील, तो फॉर्म कुठे आहे म्हणतील. फॉर्म! परदेशी माणूस ठेवलं की पोलिसांत द्यायचा असतो तो. पहिली दोन वर्षं भरला, मग कोण भरतो? नोव्हेंबर आला की तू येणार, माझी चावी तुझ्याकडे, तुझी चावी माझ्याकडे, माझा नवरा सगुण गेला तेव्हा तेराव्यापर्यंत चूल तू पेटवलीस—घरच्या माणसाचा फॉर्म भरतात? पण तो घाबरला. त्याला बायको आहे, पोरं आहेत, उद्या भाड्याच्या खोल्यांना सील ठोकलं तर खायचं काय? म्हणून त्याने तुझ्या चेडवाला फोन केला. त्याच्यावर राग धरू नको हां. पोरगं आहे ते.

आ कर बघू. एक घास त्याच्या नावाने. नाही? बरं, माझ्या नावाने. सगुणाच्या नावाने—नको, त्याच्या नावाने तू पाणीही प्यायची नाहीस. हसलीस? ओठ हलला गो तुझा! हलला! मग खा ना. का अशी करतेस? माझ्याकडे अशी बघू नको. मी काय केलं? मी काही—

बरं. सांगते. तुला काय कळणार आहे, पण मलाच घास उतरत नाही शुक्रवारपासून, म्हणून सांगते. कृष्णनाथाने नाही केला फोन. तो नुसता बोलला इंग्लिशमध्ये. फोन लावायला मी सांगितलं. तो तर म्हणत होता, थांबूया आई, दोन दिवस बघूया. मीच थांबले नाही. पोलिसांना नाही भ्यायले मी. मी तुला भ्यायले. रात्रभर तुझ्या घशातून तो आवाज यायचा, आणि मी इथे खाली चटईवर—सगुणाच्या वेळी तू होतीस शेजारी, तुझ्या वेळी माझ्या शेजारी कोण? आणि मग तुला करायचं काय? जाळायचं की पुरायचं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मंत्र कोणी म्हणायचे, पाणी कोणी द्यायचं? माझं डोकं चालेना. म्हणून शुक्रवारी सकाळी गेले देवळात. भटजींना म्हटलं, देवीला प्रसाद लावा. देवीच्या अंगावर पाकळ्या लावतात ना, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही—तू बघितलं आहेस, तू फोटोही काढला होतास. भटजी म्हणाले, काय विचारायचं आहे नीट सांग. मी म्हटलं, घरात पाहुणी आजारी आहे, तिच्या माणसांना बोलावून तिला धाडून देऊ का? तोंडातला शब्द संपतो न संपतो, उजवी पाकळी खाली. एवढ्या लवकर कधी पडत नाही. मी नमस्कार केला, घरी आले, फोन लावायला सांगितला. आणि फोन झाल्यावर, भात धुता धुता, माझे हात थांबले. मी पाहुणी म्हटलं. देवी काय सांगणार? पाहुणी जायचीच असते. घरचं माणूस आजारी आहे, ठेवू का, असं विचारलं असतं तर? पुन्हा गेले, तर भटजी म्हणाले, एकदा दिलेला कौल फिरवून मागत नाहीत कमलाक्षी. फॉर्म भरताना तू घरची, आणि देवीपुढे उभी राहिले तेव्हा पाहुणी! जळ्ळं मेलं माझं तोंड! जिभेला हाड नाही ते नाहीच—

हात का काढून घेतलास?

मागी. माझ्या हाताखालून हात का काढलास? डावा चांगला आहे तुझा, तो आपोआप नाही सरकला. आणि डोळ्यात पाणी कसलं? मी मराठीत बोलले. सगळं मराठीत बोलले. मागी... कळलं तुला? इकडे बघ. कळत असेल तर बोट हलव. डाव्या हाताचं.

अरे देवा सायबा.

किती वर्षं? पहिल्यापासून? नाही, पहिल्यापासून कसं असेल—पण बावीस वर्षं कानावर पडल्यावर दगडालाही कळेल की! मी शाळेत न जाता तुझं इंग्लिश शिकले, मग तुला काय धाड भरली होती? आणि बोलली नाहीस कधी! मी तुझ्या तोंडावर तुला पांढरी भुतीण म्हणायचे, पोस्टमनसमोर! तुझ्या त्या आखूड झग्याला काय काय म्हटलं मी! आणि सगुण गेला तेव्हा—त्या दिवशी मागच्या पडवीत तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून मी म्हटलं होतं, मागी, मला रडू येत नाही, मला सुटल्यासारखं वाटतंय, आता माझ्या अंगावर कोणी हात उचलणार नाही. आईला नाही सांगितलं ते, मुलाला नाही. तुला सांगितलं, कारण तुला कळत नाही म्हणून. आणि तू नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिलीस. चौदा वर्षं झाली त्याला. एका शब्दाने विचारलं नाहीस. आणि असल्या बाईला मी पाहुणी म्हटलं. मार मला. तो डावा हात चांगला आहे ना, मार एक, मला बरं वाटेल.

ऐक—गाडी. चढणीवर गाडी आहे. कृष्णनाथाचाच हॉर्न तो. मागी, आता रुसू नको, पाया पडते. एक वाटी, नाही निम्मी, नाही चार चमचे. माझ्यावरचा राग त्या कोबीवर काढू नको. तू खाल्लं नाहीस तर ते आत्ता तुला उचलतील, तो इस्पितळातला वास, ती नळी—आणि मी काय सांगू तिला? मला कोण विचारतंय? मी खोलीची मालकीण, भाडं घेणारी. एक घास, मागी. कमलाक्षीचा एक घास—

अगो, चमचा कशाला घेतेस? स्वतः खातेस? घे, घे, मी हात धरते... सांडलं, सांडू दे... इकडे कुठे? इकडे कशाला? मला? नको गो, मला नको, आज सोमवार! तूच म्हणतेस ना, मंडे, नो एग? आता चेष्टा करायची वेळ आहे? ढकलू नको, ओठाला लागलं माझ्या—वाटी कशाला हलवतेस? वाटी—

वाटी रिकामी.

मी खायची. आणि तिला दाखवायची.

म्हणजे तुला इथेच राहायचं आहे. एवढं सगळं ऐकूनही इथेच. पण मागी, एक सांग मला, खरं सांग. ती गेल्यावर तू जेवशील? तिला खोटं सांगते मी, हवं तर देवीची शपथ घेऊन सांगते, पण मग तू जेवशील ना? संध्याकाळी पेज करते. बोट हलव. जेवीन म्हणून बोट हलव, की मी खाल्लंच समज.

हलव गो.

खोटं असलं तरी मला कळलं नाही असं समजेन मी, पण जरासं हलव.

...बरं. नको हलवू. बरं. दे तो चमचा. आई गे... आंबट. गोडही. अंड्याचा वास नाही येत गो! मोहरी नाकात गेली... बावीस वर्षं उगीच... मीठ कमीच होतं, तू म्हणालीस ते... दार लोटलं कोणीतरी, बल्कांवात आली... संपतच नाही, एवढं कशाला केलं मी... थांब, तोंडात आहे... ओठ पुढे कर, जरासं तुझ्या ओठाला लावते, इथे, हनुवटीवर, असं. आता बघ, जेवल्यासारखी दिसतेस. मला पुसू दे तोंड. डोळेही. यस, यस, कम, बाई, कम इनसाइड! ममी ईट! ऑल ईट, सी, फिनिश!... मागी, आता मी बोलते. तू काही बोलू नको हां.